उदोनच्या दुकानात एवढी घाई कशाची?

जपानमधल्या साध्या, सेल्फ-सर्व्हिस उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सच्या, दुकानात पहिल्यांदा शिरणारा माणूस हमखास गडबडतो. दारातच रांग असते. टेबलं रिकामी दिसतात, पण आधी बसायचं नसतं. ट्रे उचलायचा आणि रांगेबरोबर सरकायचं. वाफेच्या पलीकडे उभा असलेला माणूस तुमच्याकडे बघून काहीतरी विचारतो. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, कुठला आणि केवढा. भिंतीवरच्या फलकावर मात्र आठ-दहा नावं असतात आणि फोटो बघावेत तर सगळ्यांत तेच पांढरे, जाड, गुबगुबीत नूडल्स. मागच्या लोकांची जेवणाची सुट्टी संपत आलेली असते. मग आपण घाईघाईत कुठल्यातरी फोटोवर बोट ठेवतो, आणि बाहेर पडल्यावर कुणी विचारलं काय खाल्लंस, तर नाव सांगता येत नाही.

या सगळ्या लगबगीमागे एक साधं कारण आहे. शिजलेला उदोन फार थोडा वेळ चांगला राहतो. दुकानाची मांडणी, रांगेचा वेग, मेनूतली नावं, सुर्र आवाज करत ओढून खायची रीत, सगळं त्या थोड्या मिनिटांभोवती बेतलेलं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की फलकावरची लिपी वाचता येवो न येवो, काय मागायचं ते कळतं.

पीठ, पाणी, मीठ

उदोनमध्ये गव्हाचं पांढरं पीठ, पाणी आणि मीठ यांपलीकडे सहसा काही नसतं. अंडं नाही, तेल नाही. पीठ मध्यम प्रथिनांचं असतं. ब्रेडच्या पिठाइतकं ताकदवान नाही, केकच्या पिठाइतकं लुळं नाही. पाणी मात्र इतकं कमी घालतात की तो गोळा आपल्या पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी घट्ट होतो. हातांनी तो मळणं म्हणजे मनगटांची परीक्षा. म्हणून परंपरेनं तो पायांनी तुडवतात. जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये गोळा ठेवायचा, वर उभं राहायचं, टाचांनी गोल गोल दाबत फिरायचं, पसरलेला थर घडी घालून पुन्हा दाबायचा. शरीराचं वजन सावकाश पडत राहतं आणि पिठातलं ग्लुटेन थरांथरांत जुळत जातं. मोठ्या साखळी दुकानांत हे काम यंत्र करतं, पण यंत्राची हालचालही त्या पावलांचीच नक्कल असते.

उदोनचं माहेर म्हणजे शिकोकू बेटावरचं कागावा. क्षेत्रफळानं हा जपानमधला सगळ्यात छोटा प्रांत. त्याचं जुनं नाव सानुकी, म्हणून ‘सानुकी उदोन’. ताज्या नूडल्सच्या पाकिटावर ‘अस्सल सानुकीचा’, ‘सानुकीची खासियत’ अशा अर्थाचे शब्द छापायचे असतील तर त्यासाठी ठरलेले निकष आहेत: उदोन कागावातच बनलेला हवा, हातानं किंवा हाताच्या पद्धतीनं केलेला हवा, पिठाच्या वजनाच्या किमान ४० टक्के पाणी हवं, किमान ३ टक्के मीठ हवं, गोळा किमान २ तास मुरलेला हवा आणि साधारण १५ मिनिटं उकळल्यावर तो पूर्ण शिजायला हवा.

मीठ इथे चवीसाठी कमी आणि ताकदीसाठी जास्त आहे. मिठानं ग्लुटेन आवळलं जातं आणि गोळा ढिला पडत नाही. उन्हाळ्यात पीठ लवकर सैल होतं, तेव्हा मीठ वाढवतात. थंडीत कमी करतात. जुन्या कारागिरांचा हिशेब असा, की एक भांडं मीठ विरघळवायला ऐन उन्हाळ्यात तीन भांडी पाणी, कडक थंडीत सहा, एरवी पाच. उकळताना यातलं बरंचसं मीठ पाण्यात उतरतं, त्यामुळे नूडल खारट लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. उदोन जाड असतो, म्हणून तो शिजायला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. या वेळात पाणी बाहेरून आत शिरतं, पण सगळीकडे सारखं नाही. भांड्यातून काढला त्या क्षणी नूडलच्या बाहेरच्या थरात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, गाभ्यात ५० च्या. म्हणजे दात लावला की वरचा थर मऊ लागतो, आत जाताना विरोध वाढतो आणि मग तो एकदम सुटतो. या गुणाला जपानी लोक ‘कोशी’ म्हणतात आणि उदोनची किंमत त्यावर करतात. कोशी म्हणजे कच्चेपणा नव्हे. इटालियन पास्ता किंचित कडक ठेवतात तेव्हा त्याच्या गाभ्यात पांढरा ठिपका राहतो. चांगल्या उदोनमध्ये तसं काही नसतं. तो आरपार शिजलेला असतो, तरी दाताला झुंजवतो.

पाणी मात्र स्वस्थ बसत नाही. बाहेरचं हळूहळू आत झिरपतं, आतबाहेरचा फरक पुसला जातो आणि अर्ध्या तासात तोच नूडल सगळीकडून सारखा मऊ, पिठूळ होतो. गार पाण्यात खळखळून धुतलं तर हे थोडं लांबतं, कारण शिजणं थांबतं, वरची चिकट खळ निघून जाते आणि नूडल आवळतो. लांबतं, थांबत नाही. गरम रश्श्यात पडलेला उदोन तर डोळ्यांदेखत फुगत जातो.

दुकानदाराची पंचाईत यातच आहे. पंधरा मिनिटं शिजणारी गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ऑर्डरनंतर टाकता येत नाही आणि आधीच करून ठेवताही येत नाही. मग तो गर्दीचा अंदाज बांधतो आणि रांगेच्या लांबीकडे बघत घाण्यामागून घाणा टाकत राहतो. म्हणूनच एक उलटा सल्ला: उदोन खायला गर्दीच्या वेळी जा. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान नूडल भांड्यातून निघून थेट तुमच्या वाडग्यात पडतो. तीन वाजता निवांत जागा मिळते, पण तो नूडल किती वेळ पडून आहे याची खात्री नसते. कागावातली बरीच जुनी दुकानं तर सकाळी उघडतात आणि दोनच्या सुमाराला बंद होतात. त्याआधी नूडल संपले तर त्याआधीच.

अंदाज चुकला की उरलेला उदोन वाया जातो. कागावात हे प्रमाण इतकं, की ताकामात्सू शहरात वाया गेलेल्या उदोनपासून बायोगॅस आणि त्यातून वीज करण्याचा प्रकल्प २०१२ पासून उभा राहिला.

फलकावरची नावं

मेनू भला मोठा दिसतो, पण त्यात खरे प्रश्न दोनच आहेत. नूडल धुतलेला की न धुतलेला? आणि त्याच्या सोबतीला किती आणि केवढं तीव्र पाणी?

न धुतलेला म्हणजे कामाआगे. भांड्यातून काढलेला उदोन तसाच, त्याच उकळीच्या पाण्यासकट, बहुधा लाकडी टोपल्यासारख्या भांड्यात येतो. शेजारी छोट्या पेल्यात ‘त्सुयू’ असतो. म्हणजे मासळीच्या अर्कात सोया सॉस आणि मिरिन ही तांदळाची गोडसर दारू घालून केलेलं दाट, खारट-गोड पाणी. त्यात बुडवून खायचं. गार पाण्याचा झटका न बसल्यामुळे हा नूडल लुसलुशीत, किंचित चिकट असतो आणि गव्हाचा वास यालाच सगळ्यात जास्त येतो. कोशी मात्र कमी. कामाआगे मागितला तर थांबायला सांगू शकतात, कारण तो काढून ठेवता येत नाही.

यातलं पाणी निथळून वर कच्चं अंडं फोडायचं आणि सोया सॉसची धार धरायची, की झाला कामातामा. नूडलच्या उष्णतेनं अंडं अर्धवट धरतं आणि प्रत्येक नूडलला माखतं. आयागावा गावातल्या यामागोए या दुकानातून हा प्रकार पसरला. कच्च्या अंड्याच्या नावानं अंगावर काटा येत असेल तर एक माहिती देतो: जपानमध्ये अंडी धुऊन, तपासून विकतात आणि त्यांच्यावर छापलेली तारीख कच्चं खाण्याच्या हिशेबानं असते. तरी नको वाटलं तर नको, त्यात कमीपणा नाही.

धुतलेल्यांत सगळ्यात कडक शिस्तीचा झारु. गार नूडल, बांबूच्या जाळीवर, बाजूला गार त्सुयू. कोशी म्हणजे काय हे जिभेला शिकवायचं असेल तर हाच. बुक्काकेमध्ये तोच त्सुयू थोडासा, थेट नूडलवर ओततात, वर किसलेला मुळा, आलं, कधी लिंबाची फोड. तो गरमही मिळतो आणि गारही. शोयू उदोन त्याहून कंजूष, नुसते सोया सॉसचे चार थेंब. आणि काके म्हणजे वाडगाभर गरम, पातळ, पिता येण्याजोगा रस्सा, त्यात उदोन. फलकावर सगळ्यात स्वस्त तोच असतो. साधारण ३०० ते ४५० येनमध्ये लहान वाडगा येतो.

काके मागताना कागावाच्या जुन्या दुकानांत आणखी एक पेच टाकतात: हियाहिया, हियाआत्सू की आत्सुआत्सू? ‘हिया’ म्हणजे गार, ‘आत्सू’ म्हणजे गरम. पहिला अर्धा नूडलचा, दुसरा रश्श्याचा. हियाआत्सू म्हणजे गार धुतलेला नूडल आणि वर गरम रस्सा. ऐकायला विचित्र वाटतं, पण हेतू सरळ आहे. रस्सा गरम प्यायचा आहे आणि कोशीही घालवायची नाही. वाडगा कोमटसर लागतो, पण नूडल तग धरतो. माझं मत विचाराल तर पहिल्या भेटीत गार बुक्काके घ्यावा आणि दुसऱ्या भेटीत हियाआत्सू. आत्सुआत्सू थंडीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा.

केवढा, याचं उत्तर ‘तामा’त देतात. एक तामा म्हणजे नूडलची एक गुंडी. लहान म्हणजे एक, मोठा म्हणजे दोन. साखळी दुकानांत ही मापं थोडी वेगळी असतात. वाडगा लहान दिसला म्हणून फसू नका. शिजलेला उदोन पोटात दगडासारखा बसतो आणि पुढे तळणाचं काउंटर वाट बघत असतं.

रांगेत पुढे सरकताना

कागावात काही दुकानांत नूडल गरम करायचं कामही गिऱ्हाइकाचंच. वाडग्यात गार गुंडी मिळते. शेजारी उकळत्या पाण्याची टाकी असते आणि तिच्या काठाला लांब दांड्याच्या खोल जाळ्या अडकवलेल्या असतात. गुंडी जाळीत उलटायची, पाण्यात बुडवायची, दहा-पंधरा सेकंद हलवायची. मग जाळी वर उचलून मनगटाला एक झटका द्यायचा. हा झटका महत्त्वाचा. पाणी नीट निथळलं नाही तर तेच रश्श्यात उतरतं आणि रस्सा फिका पडतो. सरावलेले लोक एका हातानं, शेजाऱ्याशी बोलता बोलता हे करतात. नवखा माणूस गरम पाणी स्वतःच्या बुटांवर उडवतो. नंतर टाकीच्या तोटीतून रस्सा आपणच सोडून घ्यायचा, वाडग्याच्या काठाखाली दोन बोटं राहतील इतका.

पुढे तळण. साच्यात घालून तळावेत तसे भाज्यांच्या पातळ कापांचे गोल ढीग असतात, त्यांना काकीआगे म्हणतात. रताळं, वांगं, लाल भोपळा, कोळंबी, कोंबडी, आणि मासळीच्या लगद्याची नळी उभी चिरून तळलेली ‘चिकुवा’. ती पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास भाजीच वाटते. चिमट्यानं हवं ते बशीत घ्यायचं. एका कोपऱ्यात काड्यांना टोचलेले मुळा, अंडं, तोफू, कोन्याकू (एका कंदाच्या पिठाची घट्ट जेली) मंद रश्श्यात रटरटत असतात, ते ओदेन. बाहेर ओदेन हिवाळी पदार्थ मानतात, पण कागावात उदोनच्या दुकानात तो बारा महिने दिसतो आणि उदोनची वाट बघताना खाल्ला जातो. शेवटी गल्ला. तिथला माणूस ट्रेवर नजर टाकतो आणि आकडा सांगतो.

गल्ल्यानंतर फुकटचं काउंटर येतं. चिरलेली हिरवी कांद्याची पात, किसलेलं आलं, तीळ, सात मसाल्यांची शिचिमी पूड आणि ‘तेनकासू’, म्हणजे तळणातून निघालेले कुरकुरीत कण. इथे माणसाची वृत्ती दिसते. पातीचा डोंगर करणाऱ्याला कुणी अडवत नाही, पण मागच्याची नजर असते.

मग बसायचं आणि खायचं. फोटो काढायचा असेल तर एकच. खाताना हवा ओढत, आवाज करत खाण्याला इथे हरकत नाही. त्यानं गरम नूडल तोंडापर्यंत येता येता निवतो आणि रश्श्याचा वास नाकात चढतो. दोन-तीनच नूडल चिमटीत घ्यावेत, सगळा गुंता उचलू नये. आपल्याला लहानपणापासून ‘जेवताना मचमच करू नकोस’ असं दटावलेलं असतं, त्यामुळे हे अवघड जातं. पण मचमच जपानमध्येही असभ्यच समजतात. मुभा फक्त नूडल ओढण्यापुरती आहे, चावण्याला नाही. आणि ओढता आलं नाही तर गप्पपणे खाल्लं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

बहुतेक लोक दहा-पंधरा मिनिटांत उठतात. त्यांना कुणी उठवत नाही. वाडग्यातला नूडलच उठवतो म्हणा. ट्रे परतीच्या खिडकीवर ठेवायचा, आतल्या माणसाला ‘गोचिसोसामा’, म्हणजे जेवणाबद्दल धन्यवाद, म्हणायचं आणि बाहेर पडायचं. टिप ठेवायची नाही. ठेवलीत तर कुणीतरी पैसे विसरलात म्हणून मागे धावत येईल.

कागावाच का?

कागावा सेतो अंतर्गत समुद्राच्या काठी आहे. दोन्ही बाजूंना डोंगर पाऊस अडवतात, त्यामुळे ताकामात्सूत वर्षाला ११०० मिमीच्या आसपासच पाऊस पडतो. पुणेकर म्हणेल, यात रडण्यासारखं काय, आमच्याकडे त्याहून कमी पडतो. पण जपानच्या मानानं हे कोरडं आहे आणि नद्या आखूड आहेत, पाणी लगेच समुद्राला मिळतं. म्हणून या चिमुकल्या प्रांतात शेतीसाठी १०,००० हून जास्त तळी बांधलेली आहेत. त्यातलं मोठं मान्नो तळं इसवी सन ८२१ मध्ये कूकाई या बौद्ध आचार्यानं दुरुस्त करवलं. कूकाई इथलाच, आणि त्यानंच चीनहून उदोनची विद्या आणली अशी दंतकथा आहे. शिकोकूवर चांगली गोष्ट दिसली की ती कूकाईच्या नावावर जमा करायची पद्धतच आहे, तेव्हा ही दंतकथाच समजावी.

भाताला पाणी कमी, पण भात काढल्यावर त्याच शेतात हिवाळी गहू चांगला येई. शेजारच्या साकाइदे किनाऱ्यावर मिठागरं होती. समोरच्या शोदोशिमा बेटावर सोया सॉस बनतो. इबुकी बेटाजवळ छोटे मासे मिळतात, ते उकडून वाळवले की होतात ‘इरिको’, आणि सानुकीच्या रश्श्याचा कणा तेच. गहू, मीठ, सोया, मासळी, सगळं एका दिवसाच्या होडीच्या टप्प्यात. भातलावणी आटोपली की मदतीला आलेल्यांना उदोन खाऊ घालायची चाल होती. त्यावरून १९८० मध्ये इथल्या नूडल उत्पादकांनी २ जुलै हा उदोनचा दिवस ठरवला.

आजचा गहू मात्र बहुतांश ऑस्ट्रेलियातून येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात खास नूडलसाठी पिकवलेला पांढरा गहू रंगाला उजळ आणि पोताला लवचीक असतो, आणि जपानी गिरण्यांनी तो डोळे झाकून स्वीकारला. कागावाला हे टोचलं. प्रांतानं स्वतःचं वाण काढलं, ‘सानुकी नो युमे २०००’. चवीला सुगंधी, पण कारागिरांच्या हाताला अवघड, गोळा नीट धरेना. मग २००९ चं सुधारित वाण आलं. दुकानात कुठे त्याचं नाव लावलेलं दिसलं तर तिथे कामाआगे घ्या. गव्हाचा वास तिथेच कळेल.

रश्श्याचा रंगही भूगोल सांगतो. टोकियोकडे गडद सोया सॉस आणि बोनितो माशाच्या वाळक्या कापांचा जोर, रस्सा काळपट. ओसाकाकडे कोंबु हे समुद्री शेवाळ आणि फिका सोया, रस्सा सोनेरी. कागावात इरिको. कपात मिळणाऱ्या इन्स्टंट ‘दोनबेइ’चे पूर्व आणि पश्चिम जपानसाठी वेगवेगळे रस्से आहेत आणि झाकणावर इंग्रजी ई किंवा डब्ल्यू बारीक अक्षरात छापलेलं असतं.

आता मारुगामे सेइमेनबद्दल थोडं, कारण जगभर बहुतेकांची उदोनशी ओळख तिथेच होते. मारुगामे हे कागावातलं शहर, पण ही साखळी तिथली नाही. तोरिदोल ही कंपनी ह्योगो प्रांतातल्या काकोगावाची. १९८५ मध्ये कोंबडीच्या सळ्या भाजण्याच्या दुकानापासून सुरुवात, २००० मध्ये पहिलं उदोनचं दुकान. २०११ मध्ये हवाईतल्या वाइकिकीला आणि २०२१ मध्ये लंडनला पोचली. त्यांनी हुशारी एकच केली: गोदामातून तयार नूडल न आणता पीठ दुकानातच मळायचं आणि ते यंत्र, ते भांडं गिऱ्हाइकासमोर ठेवायचं. दुसरी मोठी साखळी हानामारु मात्र खरोखर ताकामात्सूतली.

शाकाहारी माणसानं काय करावं

टोकियोतल्या निशिकासाई या भारतीयांच्या वस्तीत राहणाऱ्या किंवा सहलीला गेलेल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न हाच. उत्तर थोडं कडू आहे. नूडल शाकाहारी, पण त्याच्याभोवतीचं जवळजवळ सगळं मासळीत भिजलेलं. काकेचा रस्सा मासळीचा, त्सुयू मासळीचा. कित्सुने उदोनवर तोफूचा गोड, तळलेला तुकडा असतो. नुसतं बघून तो निर्धोक वाटतो, पण तोही बहुधा त्याच अर्कात शिजवलेला. त्याच तुकड्यात भात भरलेल्या इनारीचंही तेच. भाजीच्या तळणाच्या आवरणात अंडं असू शकतं आणि तेल कोळंबीबरोबर वाटून घेतलेलं. फुकटचे तेनकासू त्याच कढईतले. कांद्याची पात न खाणाऱ्यांनी ‘नेगी नाशी’ म्हणायला शिकावं. करी उदोन दिसला की जीव हरखतो, पण त्यात बहुधा मांसही असतं आणि मासळीचा अर्कही. शिवाय तो इतका शिंतोडतो की काही दुकानं गळ्यात बांधायला कागदी एप्रन देतात.

मार्ग एकच आणि तो वाईट नाही. ‘किजोयू उदोन’ मागायचा, म्हणजे नुसत्या सोया सॉसचा. टेबलावरची बाटली मात्र विचारून घ्यायची, कारण ‘दाशिजोयू’ लिहिलेल्या बाटलीत अर्क मिसळलेला असतो. साधा शोयू, किसलेलं आलं, तीळ, मुळा, लिंबू. नूडल चांगला असेल तर एवढं पुरतं, आणि कागावातले म्हातारे खवय्येही असाच खातात, शाकाहारी नसूनही. कामाआगेही चालेल, त्सुयूचा पेला बाजूला सारून. काटेकोर पाळणाऱ्यांनी भांडी आणि जाळ्या सामाईक असतात हे धरून चालावं. बकव्हीटची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय खाऊच नये, कारण काही दुकानांत त्याच पाण्यात सोबा, म्हणजे बकव्हीटचे नूडल्सही उकळतात.

रस्सा सगळा संपवायची सक्ती नसते. त्यात मीठ बरंच असतं. उदोनवर तळण आणि वर भाताची मूद हा बेत चवीला छान, पण सगळा पिष्टमय. मधुमेहाची चर्चा निघाली की कागावाचं नाव निघतंच, आणि तिथलं प्रशासन लोकांना आधी भाजी खा म्हणून सांगत असतं.

घरी करायचा असेल तर पाकिटाची निवड महत्त्वाची. भारतात दुकानाच्या फळीवर मिळणारे, फ्रिजशिवाय टिकणारे उदोन आंबट वासाचे असतात, कारण टिकवण्यासाठी त्यात आम्ल घातलेलं असतं. धुतलं की वास जातो, पण कोशी मुळातच गेलेली असते. त्यापेक्षा गोठवलेला घ्यावा. कागावातल्या कंपन्यांनी १९७० च्या दशकात हे तंत्र बसवलं: नूडल शिजला की लगेच झपाट्यानं गोठवायचा, म्हणजे आतबाहेरच्या पाण्याचा फरक जागच्या जागी थिजतो. पोत धरून राहावा म्हणून त्यात अनेकदा टॅपिओकाचं पीठही असतं. तो बाहेर काढून वितळवत ठेवायचा नाही. बर्फासारखा कडक असतानाच खळखळत्या पाण्यात टाकायचा, गुंडी सुटली की मिनिटभरात काढायचा. गार खायचा असेल तर बर्फाच्या पाण्यात चोळून धुवायचा आणि नीट निथळायचा. खाणारे ताटावर बसल्याशिवाय पाकीट फोडू नये.